किनाऱ्यावरच्या जास्तीच्या रात्री

प्रिय टिकटिक,

तुझा निरोप मिळाला. ‘अहो आई, सहल थोडी पुढे ढकलूया का? आगारात कामाची फार गडबड आहे.’ मी तो चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून ठेवला. सबंध शहराच्या बसगाड्या कधी सुटणार हे जी बाई कितीतरी आधी ठरवून ठेवते, तिला स्वतःची गडबड आयत्या वेळी कळते, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. फोन लावणार होते. पण फोनवर माझा आवाज हुकूम सोडल्यासारखा निघतो, हे तूच मला सांगितलं आहेस. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात माझी सगळी नोकरी झाली. पातेल्यांच्या खणखणाटात गोड आवाजात बोलून तिथे कोणी ऐकत नसे. शिवाय तू फोनवर ‘हो, हो’ म्हणतेस आणि विषयाला बगल देतेस. पत्राला बगल देता येत नाही. निवांत वाच. डबा खाताना वाचू नकोस, ठसका लागेल.

आधी इकडची खबरबात. स्वयंपाकघरातला गळका नळ अखेर दुरुस्त झाला. नळवाला आला तो ‘हा कोणी बसवला?’ असं म्हणतच आला. प्रत्येक नळवाला आधीच्या नळवाल्याला नावं ठेवून मगच पाना हातात घेतो, असं माझं निरीक्षण आहे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई व्हायोलिन शिकताहेत, त्यामुळे मी संध्याकाळी न चुकता फिरायला जाते आणि माझे गुडघे सुधारले आहेत. चिरंजीवांचा फोन झाला. तो आणि त्याची आताची बायको बरे आहेत. ती वाईट नाही, मनाने चांगली आहे. तिने दिलेला कप रिकामा केल्यावर तो चहाच होता का असं विचारावंसं वाटतं, एवढंच. तू आणि मी सहलीला निघालोय म्हटल्यावर चिरंजीवाने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, आई, घटस्फोट होऊन इतके दिवस झाले, तुझा आणि तिचा आता संबंध तरी काय? मी म्हटलं, त्या कागदांवर सह्या तुम्ही दोघांनी केल्यात, मला कोणी विचारलं नव्हतं. न्यायाधीशांनीसुद्धा नाही. त्यावर त्याने हवापाण्याचं विचारलं.

मला राहून राहून या सहलीची सुरुवात आठवते. तू सून म्हणून या घरात आलीस तेव्हाची. मी जन्मभर जेवण मोजलं. कोणाला मीठ वर्ज्य, कोणाला साखर, कोणाला दोन्ही. घरी आल्यावरही माझा हात मिठाच्या बरणीपर्यंत जायचा आणि अर्ध्यावरून परत यायचा. घरातले पुरुष मुकाट्याने जेवायचे. तू मात्र पहिल्याच आठवड्यात ताटावरून उठलीस, मिठाची बरणी आणून टेबलावर ठेवलीस आणि विचारलंस, अहो आई, इथे आजारी कोण आहे? मला तुझा असा राग आला होता की विचारू नकोस. मग भांडी घासताना एकटीलाच हसू फुटलं. त्यानंतर कधीतरी मी बोलून गेले, की निवृत्त झाले की मला कुठेतरी लांब जाऊन नुसतं जेवायचं आहे, न मोजता, दुसऱ्याच्या हातचं. तू लगेच आगारातून देशाच्या आग्नेय किनाऱ्याचा भला मोठा नकाशा पैदा केलास. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये एकापुढे एक गावं. कुठे लाटांच्या तोंडाशी उभी असलेली दगडी देवळं, कुठे जुनं बंदर, कुठे विणकरांची आळी, कुठे संध्याकाळच्या गाण्याच्या मैफली. आणि सगळीकडे ताजी मासळी, नारळ, चिंच, आंबवलेल्या पिठाचे वाफाळते पदार्थ. तू देवळांवर बोट ठेवायचीस, मी खानावळींची चौकशी करायची.

मग तुमचं दोघांचं बिनसलं. कोणाचं किती चुकलं हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारण्यात अर्थ नाही. दोघंही पथ्यावर असल्यासारखे राहत होतात, एवढं मला दिसायचं. तू दोन बॅगा घेऊन गेलीस. मला वाटलं, झालं, संपलं. पुढच्या शनिवारी बेल वाजली तर दारात तू. नकाशा राहिला म्हणालीस. मी नकाशा काढला, चहा टाकला, तू तो नकाशा टेबलावर पसरलास आणि जाताना तिथेच ठेवून गेलीस. तेव्हापासून दर शनिवारी तू नकाशा न्यायला येतेस आणि विसरून जातेस. बसच्या वेळा मिनिटामिनिटाला तोंडपाठ असणाऱ्या बाईचा हा विसरभोळेपणा मी कधी काढून दाखवला नाही. मला तो फार आवडायचा.

राजम्याच्या दाण्यांची कल्पना माझी. एक दाणा म्हणजे एक रात्र. ज्या गावी जितक्या रात्री राहायचं तितके दाणे नकाशावर त्या गावापाशी ठेवायचे. दाणे ठरलेले, त्यामुळे इकडे वाढवायचा तर तिकडचा उचलावा लागे. तुझं वेळापत्रक आणि माझी वामकुक्षी यांची नेहमी जुंपायची. तुला पहाटेच्या बसने निघायचं असे. मला पहाटे उठून कुठे जायचं असेल तर ते फक्त नाश्त्यापर्यंत. शेवटी तह झाला. एका दिवसात एकच देऊळ, तेही सावली असेल तर. दुपारी जेवण आणि झोप. एखादं जेवण फारच छान निघालं तर दुसऱ्या दिवशी तिथेच, तेच, पुन्हा. विणकरांच्या आळीत मी तुझ्यामागे तासभर उभी राहीन, बदल्यात तू माझ्यासोबत मासळीबाजारात येशील आणि नाकाला रुमाल लावणार नाहीस. इतकी निवांत सहल कोणी आखली असेल असं मला वाटत नाही. आपण ती आखत इतके दिवस घालवले, की जायची गरज आहे का अशी मला मधूनमधून शंका यायची.

आणि मग ते बारकं गाव आलं. नकाशाच्या तळाकडे, दोन मोठ्या गावांच्या मधोमध. तिथे देऊळ नाही, बंदर नाही, विणकर नाहीत, मैफल तर नाहीच नाही. तू म्हणालीस, बस बदलायला एक रात्र राहू. मी म्हटलं, ठीक. पुढच्या शनिवारी बघते तर तिथे दोन दाणे. मी एक उचलून जुन्या बंदराशी ठेवला, दूध उतू जाईल म्हणून आत गेले, बाहेर आले तर दाणा परत त्या गावात. राजम्याला पाय फुटतात हे मला नवीन होतं. असं करत करत तिथे चार दाणे जमले आणि मैफलीच्या गावी एकच उरला. तिथे आहे तरी काय, विचारलं तर म्हणालीस, हवा छान असते. समुद्राकाठच्या घामट हवेचं इतकं कौतुक मी प्रथमच ऐकलं. पण म्हटलं, असेल.

त्याच सुमारास तू मला एक सल्ला विचारलास. आगाराला बसच्या सीटा पुरवणारा एक जण ओळखीचा आहे, त्याच्या आईला रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय आणि मिठाशिवाय त्यांना मासळीचा घास उतरत नाही. मला कोण आनंद झाला! निवृत्त माणसाला कोणी त्याच्या कामातलं विचारलं की तो वाहवतच जातो. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. चिंच किती, लिंबू केव्हा पिळायचं, मिरी कशी भरडायची म्हणजे जीभ मिठाची चौकशी करत नाही. काही दिवसांनी तू नाचतच आलीस. त्यांचा रक्तदाब उतरला, मासळी त्यांनी पुन्हा मागून घेतली. मीही खूश. मग बोलता बोलता तू म्हणालीस, त्या मिरी भरडताना गुणगुणत असतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे उघडते. मी तेव्हा भाजी निवडत होते. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या आईच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते हे बाईला कधी माहीत होतं, ते मला कळतं. तू तिथे जाऊन आली होतीस. नकाशावरचे चार दाणे आठवले आणि सीटवाला त्या बारक्या गावचा आहे हे तू न सांगताच मला समजलं. माझ्या हातून देठं आणि पानं एकाच ढिगात पडली, आणि तुझं तिकडे लक्ष नव्हतं.

आता मनातलं सांगते. मला मत्सर वाटला. सीटवाल्याचा नव्हे, त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नाही, बसची सीट बरी असते म्हणजे माणूस कामाचा असणार. मत्सर वाटला तो त्याच्या आईचा. माझी सून जिच्या घरी जाणार त्या बाईची तब्येत मीच ठणठणीत करून दिली, हे काय कमी होतं? त्या मासळीत अर्धी अक्कल माझी आहे आणि गुणगुणताहेत त्या! हे सगळं हसण्यावारी नेता आलं. भीती मात्र नेता आली नाही. तू पुन्हा कोणाच्या घरची झालीस की या दारावरची बेल वाजवायला तुझ्याकडे काय कारण उरणार? पोटच्या मुलाचा फोन आला नाही तर मी समजून घेते. शनिवारी तू आली नाहीस तर मला घर खायला उठतं. हे मी आजवर तुला म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं असतं तर तू दयेपोटी आली असतीस, आणि तसली भेट मला नको होती.

तू आपण होऊन सांगशील म्हणून मी थांबले. मला वाईट वाटेल म्हणून तू थांबलीस. दोघी एकमेकींची मर्जी सांभाळत चहा पीत राहिलो. मग गेल्या शनिवारी तू आलीच नाहीस आणि पाठोपाठ हा निरोप आला. टिकटिक, तू जी पुढे ढकलते आहेस ती सहल नव्हे. मला सांगायचं ढकलते आहेस. तर ते काम मी तुझ्या डोक्यावरून उतरवलं आहे. मला कळलं आहे, एकदा रडूनही झालं आहे, आणि त्यानंतर मी व्यवस्थित जेवले. तिकिटं काढ. बारक्या गावातल्या रात्री चारच्या चार राहू देत.

हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की त्या गावी तू एकटी जायचं नाहीस. तुला मामांनी वाढवलं आणि मामाही आता नाहीत. पुढेमागे बोलणी निघतील, तिथे त्यांची आत्या असेल, काकू असेल, एखादी जाणती शेजारीण असेल, आणि कोणीतरी विचारणारच की मुलीकडून कोण आलंय. मी येईन. तुझ्या पहिल्या लग्नाच्या वेळी मी मुलाची आई होते. मामांच्या त्या अरुंद खोलीत मी खिडकीपाशी ताठ बसून प्रश्न विचारत होते, आणि समोर तू नि मामा, मध्ये चहाचे कप. मामा उत्तर द्यायच्या आधी दर वेळी तुझ्याकडे बघायचे. आता सीटवाल्याच्या आईंना काय विचारायचं ते विचारू दे, रक्तदाबाचं तर मी त्यांना उलट विचारीन. त्यांना आधीच कळव, म्हणजे खुर्च्या मांडताना घोळ व्हायला नको. या वेळी मी तुझ्या बाजूला बसणार आहे.

तुझीच,
अहो आई