झेनची डावी सीट

“टायर डोळ्यानं बघू नगंस, तळव्यानं बघ,” असे आमचे अप्पा म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत होते. कुरुंदवाडात त्यांचे ट्रॅक्टरच्या आणि ऊसगाड्यांच्या टायरचे दुकान होते. त्यांनी माझा हात धरून एका झिजलेल्या टायरवरून आडवा फिरवला, आणि मग माझ्या थोरल्या भावाचा, भरमाप्पाचा, हात धरून त्याच टायरवरून फिरवला. मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत, असे वकिलांचे म्हणणे आहे. पण माझ्यापाशी जे काही आहे ते त्या दुकानातून सुरू होते, म्हणून हे वाक्य वरच राहील.

तर मी, निलांबिका राजशेखर शेटे, वय वर्षे ४६, माहेर कुरुंदवाड, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट घरात सगळ्यांनी “आत्ताच कशाला?” असेच विचारले. मला आजार नाही. मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कागलच्या अंगाला एका हौशी कारखानदाराने उसाच्या फडांमध्ये बांधलेल्या ट्रॅकवर गाडी पळवायला जाते. गाडी आत सोडण्याआधी तिथे एका कागदावर सही घेतात, की काही बरेवाईट झाले तर जबाबदारी आमची आम्हीच घेऊ. इतकी वर्षे मी तो न वाचता सही करत आले. मागच्या महिन्यात नवा चष्मा होता म्हणून वाचला. ट्रॅकच्या मालकाने माझ्या मरणाचा एवढा विचार केला आहे, तर आपणही थोडा करावा असे वाटले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि बहुधा शेवटचे.

कलम १. राजारामपुरीतला फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा माझे पती राजशेखर यांना मिळावा आणि त्यांच्या पश्चात आमची मुलगी रक्षिता हिला. स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या क्लासच्या बाजूला उघडते आणि मुले दिवसभर सूत्रे घोकतात, म्हणून यांना ती कायमची बंद करायची आहे. करू नये. भाजी निवडताना मला तेवढीच सोबत असे.

कलम २. बँकेत जे असेल ते रक्षिताचे. माझी आई शांतव्वा हिची बोरमाळही तिचीच. ती घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. न घालता जपली तरी चालेल, फक्त मोडू नये. माझ्या गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. त्याची वाटणी नाही.

कलम ३. हवा मोजायचे मीटर, चाकाचे नट आवळायचा लांब पाना, जॅक आणि खडूचा डबा रक्षिताला. बाकीची हत्यारे कोणालाही द्या, खडूचा डबा देऊ नका. रक्षिता, तू हसतेस, पण माझा सगळा अभ्यास त्या डब्यात आहे. ट्रॅकवर जाण्याआधी टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून गाल सुरू होतो तिथे, खडूचा पट्टा ओढायचा. दोन-तीन फेऱ्या मारून यायचे आणि बघायचे. खडू गालापर्यंत पुसला गेला असेल तर टायर वळणावर लोळते आहे, हवा वाढव. नक्षीवरचाही खडू शाबूत असेल तर टायर फुगून टणक झाले आहे, हवा काढ. मग तळवा ठेव. हे अप्पांचे. खडू माझा.

कलम ४. आता भरमाप्पा. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. अप्पांनंतर दुकान त्याला मिळाले आणि ते योग्यच झाले. दुकानात मला हिस्सा नको होता, आजही नको. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती लेखी राहावी अशी इच्छा आहे.

माझ्या पतींचा शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्यांना लाकडी साचे करून देण्याचा कारखाना आहे. १९९८ साली त्यांनी झेन घेतली आणि पुढच्या वर्षी ट्रॅकचा नाद लागला. नादाबरोबर टायर बदलायचे आले. टायर म्हटल्यावर कुरुंदवाड आले. गाडी दुकानापुढे उभी राहिली तसा अण्णा बाहेर आला, चाकाला पायाने एक ठोकर मारली आणि म्हणाला, “दाजी, ही सायकलची टायरं घालून रेस खेळताय व्हय?”

“कंपनीनंच दिल्यात की,” हे म्हणाले.

“कंपनीला काय कळतंय. ट्रॅक्टर बघा. मोठं टायर कुठं असतंय? मागं. ताकद मागंच लागती.”

मी म्हणाले, “अण्णा, ट्रॅक्टर मागच्या चाकांनी ओढतोय. ही गाडी पुढच्यांनी ओढती, पुढच्यांनीच वळती, आणि इंजिनाचा भार बी पुढंच. जाडी घालायची तर चारी घाल. मागंच तेवढी नगं.”

“निलव्वा, तू चहाचं बघ.”

मी चहाचे बघितले. चहा चांगला झाला होता. तेवढ्यात गाडीला मागे १७५ ची दोन जाडजूड टायर बसली. पुढे मूळची १४५ चीच राहिली. १७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मागून गाडी फार देखणी दिसत होती. दुकानातला प्रत्येक जण मागेच जाऊन बघत होता.

त्यानंतरच्या ट्रॅकच्या रविवारी अण्णा आपले काम बघायला ट्रॅकवर आला आणि डाव्या सीटवर बसला. हे चालवत होते. सरळ रस्त्यावर गाडी बाणासारखी गेली. विहिरीच्या वळणावर यांनी स्टिअरिंग फिरवले, पुढची बारीक टायर किंचाळली आणि मागच्या जाड्या टायरांनी सगळी गाडी सरळच धरून ठेवली. चाके वळलेली होती, गाडी वळली नाही. ती कुंपण नसलेल्या बाजूने उसात शिरली. कोणाला काही झाले नाही. अण्णाचा चष्मा तेवढा मोडला.

फडात खुरपत असलेली झुंबरबाई पुढे आली. शेत तिचे होते. ती म्हणाली, “वळवायची की रं बाबा. चाक हातात हाय नव्हं?”

अण्णा मोडका चष्मा हातात धरून म्हणाला, “रस्ताच वाकडा हाय.”

“वळण हाय त्ये, पावणं. वळायचं असतंय तितं.”

ट्रॅकवरची सगळी मंडळी हसली. मी हसले नाही. पण आधीच सांगितले होते हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेले असणार, कारण अण्णाने एकदाच माझ्याकडे पाहिले, धोतर झटकले आणि कागलपर्यंत चालत जाऊन एस.टी. धरली. त्यानंतर तो त्या गाडीत बसलेला नाही. आमच्याकडे येतो, जेवतो, रक्षिताला खाऊ आणतो. “सोडते की स्टँडवर” म्हटले, की उभ्याउभ्या गाड्यांच्या वेळा सांगतो. एवढ्यावर मी काही म्हटले नसते. पण मागच्या वर्षी भर दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागले, तेव्हा तो एस.टी.त बसून एकटा मिरजेच्या दवाखान्यात गेला. मला फोन केला नाही. वहिनीने विचारले, निलव्वाला का नाही बोलावले? म्हणाला, “ती झेन घिऊन आली असती.”

तो बरा आहे. औषधे घेतो. माझी तक्रार एवढीच, आणि ती अजून मिटलेली नाही.

कलम ५. झुंबरबाई खोत हिला या मृत्युपत्राने काही देता येत नाही, कारण तिला साक्षीदार व्हायचे आहे आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले. मी तिला विचारले, सही करणार की काही घेणार? ती म्हणाली, “मला काय बी नगं. सही मीच करणार. मी बघितलंय नव्हं सगळं.” मोडलेल्या उसाबद्दल तिने तेव्हा ती दोन जाडी टायर मागून घेतली होती. वैरणीच्या ढिगावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडतो, त्यावर ती ठेवली आहेत. चांगली बसली आहेत. ती तिचीच आहेत, यावर कोणी हक्क सांगू नये.

कलम ६. झेन गाडी रक्षिताला. उसाच्या प्रकरणानंतर यांची हौस हळूहळू ओसरली. “माझ्या कंबरेला आता वळणं सोसत न्हाईत, तू चालव,” असे ते म्हणाले. मला वाटले, चेष्टा करतात. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः डबा उघडून खात बसले. अशा रीतीने मी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ट्रॅकवर उतरले. पहिल्या दिवशी मला सगळ्यांनी मागे टाकले. पण वळणावर गाडी नाक कुठे नेते आणि शेपूट कधी हलकी होते, हे मला बसल्या जागी कळत होते. स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या आधी कळते तसे. इतकी खूश मी लग्नातही नव्हते. यांना हे माहीत आहे, आणि ते हसतात.

रक्षिता, दुकानदार तुला जितके रुंद तितके चांगले म्हणेल. ऐकू नकोस. आपली रिम अरुंद आहे. तिच्यावर फार रुंद टायर चढवले तर ते पायापेक्षा मोठ्या चपलेसारखे होते, वळणावर पाय एकीकडे आणि चप्पल दुसरीकडे. टायर उंचही नको, नाहीतर वळणातून बाहेर पडताना गाडी आळसावते. मी बरेच बदलून पाहिले. चारी चाकांना १६५, त्यावर ६५, तेरा इंची, हे आपल्या गाडीला मानवते. ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते. हवा पुढे बत्तीस, मागे पस्तीस. नाक वळत नसेल तर मागे थोडी वाढव. शेपूट सुटायला लागली तर तेवढीच काढ. एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. तुझ्या बाबांच्या कंबरेच्या औषधांनाही मी हाच नियम लावला आणि गुण आला.

कलम ७. हे कलम वकिलांनी दोनदा काढले, मी दोनदा घातले. दोन वर्षांपूर्वी रक्षिता घरची दुसरी गाडी घेऊन रोज सांगलीला कॉलेजला जायची. त्या गाडीला दोनच नवी टायर घ्यायची होती. पुढची चाके ओढतात, म्हणून मी ती पुढे घालणार होते. अण्णाचा दुकानातून फोन आला. “नवी मागं घाल. पावसात पुढचं घसरलं तर पोरगी अॅक्सिलेटरवरनं पाय काढंल, गाडी हळू हुईल. शेपूट सुटली तर तिला सावरायची न्हाई.” मी फोन ठेवला आणि जुन्या टायरांवर तळवा फिरवला. त्याचे बरोबर होते. ट्रॅकवर मी आहे, कोरडे ऊन आहे आणि चुकले तर ऊस आहे. रस्त्यावर पाऊस, समोरून ट्रक आणि अठरा वर्षांची मुलगी. नवी टायर मागे घातली. म्हणजे “ताकद मागंच लागती” या त्याच्या बोलण्यातले अर्धे खरे होते, आणि ज्या अर्ध्यावर माझ्या मुलीचा जीव होता ते खरे होते. घरच्या गाडीला नवी टायर कायम मागेच घालावीत, आणि कोणी विचारले तर हे अण्णाने सांगितले आहे असे सांगावे.

कलम ८. झेनची डावी सीट भरमाप्पा मगदूम, राहणार कुरुंदवाड, यांची. वकील म्हणतात, सीट वेगळी देता येत नाही, गाडीबरोबरच जाते. मग असे धरावे की गाडी रक्षिताची आहे आणि त्या सीटवर मामाचा पहिला हक्क आहे. तिथे दप्तर, भाजीची पिशवी, हेल्मेट काही ठेवू नये. मी ठेवत नाही.

वरील सर्व पाहण्याचे काम माझे पती राजशेखर यांनी करावे. घाई करू नये. मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: राजारामपुरी, कोल्हापूर
दिनांक: २२ नोव्हेंबर २००८

(सही) निलांबिका राजशेखर शेटे

साक्षीदार:
१. (सही) झुंबरबाई ज्ञानू खोत, शेती
२. (सही) डॉ. श्रुती देसाई, राजारामपुरी. लिहून देणारीस तपासले, शुद्धीवर व ठणठणीत आहे.

मसुदा पाहिला, कलम ७ व ८ सोडून: (सही) अॅड. सार्थक कांबळे

सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणून हे मुद्दाम खाली लिहिते आहे, आणि याची एक नक्कल आजच कुरुंदवाडला पाठवते आहे.

अण्णा, मी मरायची वाट बघू नकोस. येत्या १४ डिसेंबरला रविवार आहे. मी सकाळी दुकानापुढे झेन घेऊन उभी राहीन. डाव्या सीटवर बस. ट्रॅकवर तीनच फेऱ्या, विहिरीच्या वळणावर मी हळू घेईन. झुंबरबाईला सांगून ठेवते, ती काही बोलणार नाही. फेऱ्या झाल्या की खाली उतर आणि पुढच्या टायरवर, गरम आहे तोवर, तळवा ठेव. निलव्वा तुझं खरं हुतं, असे म्हणू नकोस. काहीच म्हणू नकोस. नुसता हात ठेव.

तू नाही म्हणशील. कुरुंदवाडहून सकाळची गाडी किती वाजता सुटते, ते सांगशील. तरी ये.