गैरहजर मुलीचं नाव

बाई,

आज पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर झाला. वर्गावर मीच होते. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या तरी एक बाक रिकामा होता आणि मी सारखी दाराकडे बघत होते. हे सांगावं असं स्टाफरूममध्ये आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही कायम पहिलं वर्षच मागून घेतलंत. "तिसऱ्या वर्षाला पोचलेली मुलं मी नसले तरी पास होतील. आपली मुलं पहिल्या वर्षाला निसटतात, आणि आवाजसुद्धा होत नाही," असं तुम्ही म्हणायचात. हजेरीत तुम्ही येणं बंद केलेल्यांचीही नावं घ्यायचात. नाव घेऊन मान वर करायची, क्षणभर थांबायचं, मग पुढचं नाव. मागून कुणी ओरडायचं, "बाई, तिचं लगीन झालं!" तुम्ही म्हणायचात, "होऊ दे की. नाव कुठे कमी केलंय तिने?" वर्ग हसायचा. तुम्ही हसायचा नाहीत.

मी तुमच्या वर्गात होते त्या वर्षी, दिवाळीनंतर तळोज्याच्या कारखान्यात वडिलांचा हात भाजला आणि मी तिथल्याच एका गोदामात पॅकिंगला लागले. शेजारची मैत्रीण माझ्याच वर्गातली. संध्याकाळी मी घरी येऊन पाय धूत असे आणि ती ओट्यावर बसून सांगत असे, "आज पन तुजं नाव घेतलं गो. बाईंना कुनी सांगत नाय का, ती कामाला जाते म्हनून?" होळीच्या सुमारास मी वर्गात येऊन बसले. तुम्ही नाव घेतलंत, मी हजर म्हटलं, तुम्ही पुढचं नाव घेतलंत. तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पेपर पास झाले, वर्ष पार पडलं, मग उरलेली दोन वर्षंही. आज तुमच्याच वर्गावर मी शिकवते.

आता हजेरी मोबाइलवर लागते. तरी मी नावं मोठ्याने घेते. तासिका तत्त्वावर शिकवायला येणारा एक तरुण शिक्षक दारातून म्हणतो, "मॅडम, गाडी कॅन्सल झाली, अनाउन्समेंट कशाला?" यंदा वर्गात एक मुलगी होती, डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरची. दिवाळीनंतर तिचं घर वीटभट्टीवर गेलं, तीही गेली. आपलं दुसरं सत्र नेमकं भट्टीच्या हंगामात येतं. वेळापत्रक करणाऱ्यांच्या ते लक्षात यायचं काही कारण नाही. तिसरं वर्ष पूर्ण करूनही पहिल्या वर्षाच्या एका पेपरासाठी निकाल राखून ठेवलेल्या मुली मी पाहते. त्या ऑफिसच्या खिडकीशी येऊन चौकशी करतात, मग येईनाशा होतात. म्हणून मी तिचं नाव घेत राहिले, आणि थांबत राहिले.

गेल्या महिन्यात दुपारी ती स्टाफरूमच्या दारात उभी. नखांत लाल माती.

"मॅडम, माझं नाव नका घेऊ."

"का गं?"

"पोरी रोज फोन करतात. आज पन घेतलं, आज पन घेतलं. आई बोलते, कोन तुला रोज बोलवते? तिथं मी विटा थापते. तिथं ते ऐकायला नको वाटतं."

"पेपरला येशील?"

"तुमी नाव नका घेऊ," एवढंच ती परत म्हणाली. पाणी दिलं, ते प्याली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव सोडून पुढे गेले. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, एक राहिलं." मी म्हटलं, "माहीत आहे." थांबायचं नव्हतं, तरी थांबले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. घरी आले, दिवा न लावता बसले. तुम्हाला विचारावंसं वाटलं की तुम्हाला कधी कुणी असं सांगितलं होतं का.

आज दार लावायच्या जरा आधी ती आली. धापा टाकत होती. मी उत्तरपत्रिका दिली, सही कुठे करायची ते दाखवलं. शेवटच्या घंटेपर्यंत ती लिहीत होती. मग पेपर माझ्या हातात देऊन, वर न बघता, निघून गेली. नाव घेतल्यामुळे आली की घेणं बंद केल्यामुळे, मला कळलेलं नाही. पास होईल असं वाटतं.

मीही तेव्हा तुमच्याकडे बघत नसे. होळीनंतरचे सगळे दिवस मान खाली घालून हजेरी दिली. तुम्हाला तो बुजरेपणा वाटला असेल. तुमच्या निरोपसमारंभात मी सगळ्यांसमोर म्हटलं की बाईंनी माझं नाव सोडलं नाही म्हणून मी परत आले. तुम्ही पदराने डोळे टिपलेत. ते खोटं नव्हतं. हा कागद आता पर्समध्येच राहील, म्हणून लिहिते: तुम्ही ते नाव घेणं थांबवावं, म्हणून मी आले होते.