पिओनीच्या चार कळ्या

२२ मे २००५, रवि.
पिओनीला कळ्या! चार. शेजारच्या जीनने केअर होममध्ये जाताना तिच्या झाडाचा गड्डा काढून दिला होता. तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड. "हलवलं की रुसतं ते, धीर धर," म्हणाली होती. तीन वर्षं नुसती पानं! गेल्या वर्षी उपटूनच टाकणार होते. जीन आता माझं नावही विसरते, पण दर भेटीत प्रश्न तोच. फुललं का?

२५ मे
सासूबाईंना पुण्याहून येऊन आठवडा झाला. आज बागेत हळदीचा डबा घेऊन हजर. "मुंग्या लागल्यात गं, झाड जाईल." अहो आई, या कळ्यांवर मुंग्या असतातच. कसंबसं थांबवलं. ऑफिसला उशीर.

२८ मे, शनि.
कपाळ माझं! सकाळी देवापुढे वाटीत पाणी, पाण्यात पिओनीची कळी.
"आई, हे काय केलंत?"
"कमळ आहे ते. जमिनीवरचं."
"कमळ नाहीये!"
"कमळ नसतं तर मी कळी वाहिली असती का? कळी फक्त कमळाची चालते."
त्यात सतीशने नेटवर शोधून आपल्या आईला वाचून दाखवलं, चीनमध्ये पिओनी म्हणजे श्रीमंती, भरभराट. "बघ! लक्ष्मीचंच निघालं." इकडे इंग्लंडात म्हणे लाजरेपणाचं प्रतीक. आमच्या घरात लाज आहे कोणाला.

३० मे, बँक हॉलिडे
बजावून सांगूनही दुसरी गेली. पहिली वाटीत जरा सुटायला लागली होती, तर ती निर्माल्य म्हणून झाडाच्या बुंध्याशी! "शिळं फूल कसं ठेवायचं देवापुढे?" अहो, उमलायला दोन-तीन दिवस लागतात त्याला. तुम्ही रोज देव स्वच्छ करणार, मग ते उमलणार कधी?
सतीश म्हणे, फूलच आहे ना. हाच माणूस कारला ओरखडा गेला तर जेवत नाही.

१ जून
तिसरी.
आज सुटलेच मी. जीन, तिचा नवरा, तिचा तो प्रश्न, सगळं एका दमात सांगितलं. मोठ्याने. आई म्हणाल्या, "हे मला आधी कोणी सांगितलं? मी आपली पाहुणी." चहा नको, जेवण नको. सतीश दोघींच्या मध्ये टीव्ही लावून बसला.

५ जून, रवि.
देवाला सुपरमार्केटची कार्नेशन्स. घरात कडक अबोला. पण शेवटच्या कळीला जुन्या साडीची चिंधी बांधून काठीचा आधार कोणी दिला? मी नाही. सतीश तर नाहीच.
दुपारी जीनकडे. खूप वाळलीय. मला "नर्स" म्हणाली. मग माझा हात घट्ट धरून, फुललं का? या आठवड्यात दाखवते म्हटलं. बसले बोलून. आता नाही फुललं तर...

९ जून
फुललं!! केवढं! ओंजळ भरेल एवढं. बाहेर फिकट गुलाबी, आत गर्द, वास थेट किचनपर्यंत. कॉफी हातात गार झाली, बघतच राहिले. एवढ्या देखण्या फुलासाठी तीन वर्षं काय, रुस बाई हवी तितकी.
मग दिसलं. देठाला हळदकुंकू.
"शनिवारी कापून नेते जीनला."
"कापून? वाहिलंय मी ते. झाडावरच."
"कोणाला विचारून?"
"तूच म्हणालीस ना, तोडू नका? तोडलं का मी?"
डोक्याला ताप आहे नुसता. बाई हरत कशी नाही!

१० जून
आई सकाळी आपणहून बोलल्या. "त्यांनाच आण इथे. दर्शनाला माणूस जातो, देव नाही येत." सतीश म्हणाला, "गणपती येतो की." आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला निघून गेला. आज शुक्रवार, बिन मंगळवारी नेतात.
होमला फोन केला. उद्या सकाळी तब्येत बरी असेल तर पाठवू, व्हीलचेअरवाली टॅक्सी आहे, अकराच्या आत कळवतो. आई लगेच शिरा करायला. जीनला धड गिळता येत नाही हो! "पातळ करते."

११ जून, शनि.
सकाळपासून आभाळ काळंकुट्ट. लीड्सचं हे नेहमीचंच. आठवडाभर कोरडं, आजच काय? पाणी भरलं की हे फूल मान टाकतं, एका सरीत सगळ्या पाकळ्या खाली. फोन नाही. अकरा वाजून गेले. मीच लावला, तर एंगेज. शेवटी कात्री घेतली. देवाचं असो नाहीतर कोणाचं, निदान हातात राहील.
बाहेर आई. सतीशची मोठी छत्री फुलावर धरून. साडीवर माझा रेनकोट, पायात मोज्यांवर चपला.
"आला फोन?"
"नाही."
"मग कात्री आत ठेव. येतील त्या."
भांडायला तोंड उघडलं आणि पाऊस आला. आत आले.
टेबलाशी बसून हे लिहितेय, फोन शेजारी. बाहेर कोसळतोय नुसता. आई अर्ध्या भिजल्यात, छत्री सगळी फुलावर. हाक मारली तर ऐकत नाहीत. आत्ता काचेवर टकटक केली, भुवया उंचावून. आला का?
मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.