दोन खांबांमधली सात आसनी गाडी

२ एप्रिल, सायंकाळी ६
आज अस्मादिकांच्या जीवनात फोर-व्हील ड्राइव्हचे शुभागमन झाले. सात आसने, चारही चाकांना बळ, मांडीभर पाण्यातून संचार (पुस्तिका, पृष्ठ ४१). शोरूमच्या विक्रेत्याने विचारले, घरी माणसे किती. मी म्हणालो, तूर्त एक. त्याने विषय रंगाकडे वळवला. समंजस गृहस्थ.

प्रयोजन नोंदवून ठेवतो. १७ मे रोजी लेक येत आहे, आठ दिवसांसाठी. तिला तलावापलीकडच्या विश्रामगृहावर न्यायचे. ती नऊ वर्षांची असताना त्याच रस्त्यावर आमची जुनी छोटी गाडी रुतली होती. तिने आणि तिच्या आईने घोटाभर चिखलात उभे राहून ढकलली. मी स्टिअरिंगवर होतो. नेतृत्व कुणीतरी करावेच लागते. तिची आई जाऊन तीन वर्षे झाली. परंतु ती नामुष्की धुऊन काढणे हे माझे कर्तव्य आहे.

३ एप्रिल
पार्किंगची जागा दोन खांबांच्या मध्ये. गाडी मावते. दार चार बोटे उघडते. मी चार बोटांचा नाही. मागची आसने दुमडून डिकीतून बाहेर पडलो. वॉचमनने पाहिले. काही हरवलंय का साहेब, म्हणाला. ‘तपासणी’ असे उत्तर दिले.

५ एप्रिल
शेजारच्या दंतवैद्य बाई भेटल्या. त्यांचे वाहन म्हणजे काडेपेटी. बाई म्हणाल्या, ‘एवढी मोठी कशाला हो? डोंगर घरी आणायचाय का?’ जाताना मला ‘सातआसने साहेब’ असे नावही ठेवले. ज्यांचा व्यवसायच लोकांचे तोंड उघडण्याचा, त्यांचे स्वतःचे बंद कसे राहील!

१२ एप्रिल
सोसायटीच्या चेअरमनचे पत्र. गाडीचा मागचा भाग दीड हात बाहेर येतो. ‘चैन तुमची, उपद्रव आमचा.’ सत्तावीस वर्षे कचेरीत परिपत्रकांचे मसुदे केलेल्या माणसाला हे पत्र! चार पानी उत्तर दिले. (१) ही चैन नव्हे; डिकीतून रांगत ये-जा करणाऱ्यास चैनी म्हणणे तर्कदुष्ट आहे. (२) उपद्रव सापेक्ष असतो. (३) हे साधन आहे. कशाचे, ते १७ मे रोजी सिद्ध होईल. सोबत पृष्ठ ४१ ची प्रत.

१९ एप्रिल
संकल्प: दर रविवारी दुर्गम भूप्रदेशात सराव.
आज भाजीच्या दुकानापर्यंत गेलो. वाटेत खड्डा आला. चारही चाके कार्यान्वित करीपर्यंत खड्डा संपला होता. दुकानासमोर जागा मिळाली नाही. गाडी घरी आणून ठेवली आणि भाजी आणायला पायी गेलो.

२८ एप्रिल, सायंकाळी ७
हल्ली रोज अर्धा तास गाडीत बसून रेडिओ ऐकतो. कारण: विद्युत्प्रणाली कार्यरत राहिली पाहिजे. शिवाय घरात जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या, त्यांतली रिकामी सारखी दिसते. येथे सहा रिकाम्या आहेत. त्यामुळे एकही विशेष लक्षात येत नाही.

रविवारचा सराव पुढे ढकलला. कारण: टायर नवे आहेत.

६ मे
लेकीचा फोन. आठ दिवसांचे दोन झाले, रजा नाही. मी ग्राउंड क्लिअरन्स समजावून सांगितला. ती म्हणाली, ‘बाबा, मघापासून गाडीबद्दलच बोलताय. जेवता का वेळेवर?’ मी जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये सांगितली. नंतर नेटवर्क गेले. बहुधा नेटवर्कच.

११ मे
अर्ध्या तासाचा दीड तास केला. कारण: पुस्तिकेचे अध्ययन. त्याकरिता आतला दिवा लागतो. वॉचमन काच ठोठावून म्हणाला, साहेब, लाइट चालू राहतोय, बॅटरी बसेल. त्यास सांगितले, बॅटरीचे प्रकरण पृष्ठ २१२ वर आहे, मी ९६ वर आहे. क्रम मोडणे माझ्या स्वभावात नाही.

१७ मे, सकाळी ८
डिकीतून प्रवेश. किल्ली फिरवली. ‘टक्.’

८.१०
‘टक्.’

८.२५
लेकीचा फोन. स्टेशनवर उतरली. निघालोच आहे, म्हणालो.

८.३०
पृष्ठ २१२ वाचले. वॉचमनचे मत त्यात शब्दशः आहे.

सायंकाळी
सकाळी त्याच वेळी दंतवैद्य बाई क्लिनिकला निघाल्या होत्या. मी डिकीतून अर्धा बाहेर. सगळे पाहून एवढेच म्हणाल्या, ‘बसा माझ्या गाडीत. पोरगी उन्हात उभी असेल.’ काडेपेटीत गुडघे हनुवटीला लागले. स्टेशनवर उतरताना एक पाय आतच अडकला, आणि लेक हसली. तीन वर्षांत प्रथमच.

१८ मे
बाईंनी काडेपेटीची किल्ली दिली. तलावापर्यंत लेकीनेच चालवली. चिखलाचा रस्ता आता गुळगुळीत डांबरी आहे. विश्रामगृहाच्या दारात बसथांबा.

आमची गाडी रुतली होती ती जागा लेकीने बरोबर ओळखली. मी म्हणालो, आता येथे काहीच रुतणार नाही. ती म्हणाली, ‘रुतली म्हणून तर मजा आली होती, बाबा. आईला हसू आवरत नव्हतं. ढकलायचं सोडून गाडीला टेकून हसत होती.’

मला हे ठाऊक नव्हते. मी पुढे पाहत होतो.

१९ मे
लेक सकाळी गेली. निघताना म्हणाली, कंटाळा आला की सरळ फोन करा, गाडीत बसू नका. वॉचमन फार बोलतो.

मेकॅनिक येऊन गेला. तोही डिकीतून. बॅटरी उत्तम आहे म्हणाला. ‘साहेब, चालवत जा. नुसतं बसून राहिलं की अशीच उतरते.’

चेअरमनना कळवले की साधनासंबंधीचा मुद्दा क्र. ३ तूर्त मागे घेत आहे.

सायंकाळी अर्धा तास गाडीत बसलो. रेडिओ बंद. दिवा बंद. आज सर्वांत मागचे आसन उलगडून तेथे बसलो. कारण: डिकी जवळ पडते.