उद्यापासून येऊ नका

६ जून

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला दिवसभर परक्यांचंच ऐकावं लागतं, म्हणून तुमच्याशी पत्रातच बोलते. आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे भाऊ छापखान्यात पाळीला जातात, पिल्लू शाळेत जाते आणि मी कुठे कुठे जाते ते माझं मलाच समजत नाही. सकाळी बेकरीचा गल्ला, दुपारी आपला घरसफाईचा धंदा, संध्याकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन घ्यायचे. काल बेकरीत एका आजोबांना मी विचारलं, की कोणत्या डोळ्याला त्रास आहे. त्यांनीही डावा म्हणून सांगितलं आणि मग बिस्किटं मागितली.

खरी गोष्ट पुढेच आहे. सफाईला माझ्याबरोबर येणारी मुलगी लग्न होऊन गेली. घरं वाढलेली, हात दोनच. तेव्हा आई म्हणाल्या, की मी येते. मी नको नको म्हटलं. सुनेने सासूला लोकांच्या फरश्या पुसायला लावल्या, असं तुमच्याकडची माणसं म्हणतील. त्यावर त्यांनी विचारलं, की इतकी वर्षं घरच्या पुसल्या तेव्हा कोण काय म्हणालं? आणि दुसऱ्या दिवशी त्या बाह्या दुमडून दारात तयार.

आता गिऱ्हाइकांना त्याच हव्या असतात. वरच्या मजल्यावर व्हायोलिनचे मास्तर राहतात, ते तर म्हणाले, की मावशी येऊन गेल्या की खोलीत सूर नीट लागतो. आई मला सगळ्यांसमोर मालकीणबाई म्हणतात, तेही चेहऱ्यावरची रेष न हलवता. आणि घरी आलं की भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून बोलतात. कोणत्या दारापाशी मी मालकीण संपते आणि सून सुरू होते, ते काही केल्या कळत नाही. हे बरं चाललंय का, तुम्हीच सांगा.

लोभ आहेच, तो थोडा वाढवलात तरी चालेल.

तुमची वहिनी


१५ जून

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

आजोबांचा डावा डोळा आता कसा आहे? पत्र वाचून इतकी हसले, की आमचे हे चहा टाकून धावत आले.

आईला जाऊ दे कामाला. मी शाळेत असताना ती माझं दप्तर आतून पुसायची, तिला पुसायला जग कमीच पडलं. नातेवाइकांचं मनावर घेऊ नकोस. त्यातलं एकही माणूस तुझ्याकडे कपबशी विसळायला येणार नाही.

पण एक सांगून ठेवते. मी दमले, हे शब्द आईच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाहीत. अंगात ताप असताना तिने कपडे वाळत घातलेत. तेव्हा तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, पायांकडे दे. गुडघा धरून बसलेली दिसली तर वाद घालू नकोस, सरळ थांबव.

तूही जरा थांबत जा. पिल्लूला पापा, बंधुराजांना नेहमीचा धपाटा.

तुझ्यावर जीव आहे, तो तसाच राहील.

ताई


२ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी काहीतरी भयंकर करून बसले आहे, पण नेमकं काय ते समजत नाही.

मास्तरांच्या जिन्यावर आई गुडघा दाबत बसलेल्या मला खालून दिसल्या. मला बघताच उठून कठडा पुसायला लागल्या. तुमचं पत्र आठवलं. समोर बोलायला जीभ रेटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी बेकरीतून धीर करून फोन केला आणि म्हटलं, की आई, उद्यापासून तुम्ही येऊ नका. कारण सांगणार तेवढ्यात एका बाईंचा केक खोक्यात कलंडला, त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं आणि मला फोन ठेवावा लागला. मग दुपारची घरं, मग दवाखाना.

घरी आले तर आईंनी कामाचा ॲप्रन धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या दिल्या. त्यांच्यात आपल्या घराचीही किल्ली होती. वर म्हणाल्या, की बघून घ्या, सगळ्या आहेत. बघून घ्या! लग्न झाल्यापासून त्या मला अगंतुगं करतात. मी खुळ्यासारखी बरं म्हणून किल्ल्या घेतल्या.

हा राजीनामा कामाचा की घराचा? यांनी विचारलं तर तुझ्या बायकोला विचार, असं उत्तर मिळालं. हे मला विचारतात, मी यांना विचारते. मी गुडघ्याचं बोलायला गेले, की आई पिल्लूच्या वेण्या घालायला बसतात. आज माळ्यावरची बॅग खाली आलेली दिसली.

रागावलात तरी चालेल, पण लवकर लिहा.

तुमची वहिनी


२ जुलै

चि. मोठीस,
आईचे अ. उ. आ.

तुझ्या वहिनीने मला कामावरून काढलं. कारण सांगितलं नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. मास्तरांच्या खिडकीतलं कोळ्याचं जाळं मी मुद्दाम राहू दिलं होतं, त्यात बारकी पिल्लं होती म्हणून. ते तिच्या नजरेला आलं असेल का?

काढल्याचा राग नाही गं. मालकीण असती तर समोर बसवून चूक सांगितली असती. सून असती तर भांडली असती. हिने पाव विकता विकता फोन केला. म्हणजे मी तिची कोण, तेच मला उमगेनासं झालंय.

तुला म्हणून सांगते, मला ते काम आवडायला लागलं होतं. घरची फरशी चमकली तर कोणी बघत नाही. तिथे मास्तर आत यायचे आणि वा म्हणायचे. एवढंच. पण म्हणायचे.

तुझ्याकडे थोडे दिवस येऊ का? अडचण असेल तर तसं लिही, वाईट वाटणार नाही. आणि माझा गुडघा दुखतो, हे वहिनीला चुकूनही कळवू नकोस, तुला माझी शपथ. मी अगदी बेमालूम लपवलंय. तिला कळलं तर ती मला कामच करू देणार नाही.

जावईबापूंना नमस्कार. आईची आठवण काढतेस, तशी काढत जा.

आई


८ जुलै

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं आणि आईचं पत्र एकाच टपालाने आलं. वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. तिने शपथ घातलीय, त्यामुळे तिचं काही सांगत नाही. एवढंच सांगते, की तिला कारण हवंय.

एक दिवस कुठेही जाऊ नकोस. तिच्यासमोर बस आणि भांड. मालकीण म्हणून जाऊ नकोस, मालकिणीच्या हातात किल्ल्या ठेवून ती मोकळी होते. सुनेपासून तिला तसं सुटता येणार नाही. माझं घर तिचंच आहे, पण तिने इथे हौसेने यावं, रुसून नको.

तुझं उत्तर येईपर्यंत मी दारातच उभी आहे, असं समज.

ताई


१९ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

बेकरीत आणि दवाखान्यात बरं नाही म्हणून कळवलं आणि आईंच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते उंबऱ्यातच विसरले. एकदम म्हटलं, की तुमचा गुडघा दुखतो आणि तुम्ही माझ्यापासून लपवता, म्हणून येऊ नका म्हटलं. त्यांनी विचारलं, कोणता गुडघा? मी उजवा म्हटलं, तर डावा पुढे करून म्हणाल्या, की बघा, ठणठणीत आहे.

मग माझा तोल गेला. मी ओरडले, की तुम्ही जिन्यावरून पडलात तर मी कोणाला तोंड दाखवू? त्याही ओरडल्या, की तू मला शिकवू नकोस, आधी स्वतःला आरशात बघ. उभ्या उभ्या जेवतेस, लेकीशी बोलायला तुला सवड नाही आणि माझे गुडघे बघत फिरतेस! शेजारीण दार किलकिलं करून बघून गेली. तू म्हणाल्या, हे कानावर पडल्यावर मला रडूच फुटलं. मग त्यांनाही. बराच वेळ आम्ही एकमेकींना गप्प बस म्हणत रडत होतो.

ठरलं ते असं. आई फक्त तळमजल्यावरच्या घरांना येणार, जिन्यांसाठी दुसरी बाई बघायची. मास्तरांना चुटपुट लागली. त्यांनी आईंना वाजवणं ऐकायला बोलावलंय, तुमचे भाऊ त्यांना हात धरून वर नेणार आहेत. आणि मी दवाखाना सोडायचा, ही आईंची अट. खर्चाला हात आखडेल, असं मी म्हटलं. आखडू दे, असं त्या म्हणाल्या. मी सोडला. बरोबर केलं की चूक, ते अजून कळत नाही.

काल पहिली मोकळी संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. यांनी विचारलं, की कोणी आजारी आहे का. आईंनी मला बस म्हटलं, बसले. काहीतरी विसरलंय असं सारखं वाटत होतं. पिल्लूने विचारलं, की आता तू कुठे जाणार. कुठेच नाही म्हटलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. ती उठून गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर दारातल्या माझ्या चपला गायब. कुठे आहेत ते आईंना ठाऊक आहे, पण त्या सांगत नाहीत. आज यांच्या मोठ्या सपाता घालून बेकरीत गेले, पण चपला शोधल्या नाहीत.

सगळ्यांना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची वहिनी