चर्चमागचे सत्तावीस वाफे

८ ऑक्टोबर २०२३, रविवार
उपासनेनंतर मंडळीसमोर योजना मांडली. चर्चमागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांची मिळून भाजीबाग. सत्तावीस घरं, सत्तावीस वाफे. पाळकसाहेब बीडहून महिन्यातून दोनदा येतात. मागच्या खेपेला त्यांनी बजावलं की हजेरी अशीच घसरली तर इथली उपासना बंद करावी लागेल. बाग झाली की माणसं चर्चला धरून राहतील. कृषी खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत. आवक-जावक टेबलावर, पण खातं कृषीच.
भिवराबाईनं विचारलं, दिवाळीनंतर समदे ऊसतोडीला गेल्यावर पाणी कोण घालणार. वय झालंय, घाई होते. मिनिट्समध्ये लिहिलं : हरकत नाही.

१५ ऑक्टोबर
मागचा कडुनिंब तोडला. भाजीला ऊन पाहिजे. भिवराबाईचा मुलगा नाथा कुऱ्हाड धरायला तयार होईना. म्हणे, "भाऊसाहेब, उपासना झाल्यावर लोकांनी बसायचं कुठं?" शेवटी मांजरसुंब्याहून मशीनवाले आणले. आज लोक प्रार्थना संपताच घरी गेले. टाइमपास बंद झाला, हा फायदाच.

५ नोव्हेंबर
वाफे तयार. प्रत्येकावर कुटुंबाच्या नावाची पाटी. पाट्या फारच सुरेख. वांग्याची रोपं लावली. एक मी स्वतः लावलं. कंबर धरली.

१९ नोव्हेंबर
एकवीस घरं गेली. ट्रॅक्टर पहाटेच निघाले. नाथाला म्हणालो, अधूनमधून रविवारी येत जा. तो म्हणाला, "बेळगाववरून वांग्याला पाणी घालाया येऊ व्हय?" हसून म्हणाला, म्हणजे नकार नाही.
उरलेल्या सहा घरांचं टाइमटेबल केलं. पैकी चार घरांत फक्त म्हातारी माणसं. अनुभवी मनुष्यबळ.

१० डिसेंबर
टाइमटेबल कोणी पाळत नाही. भिवराबाई एकटी येते. हापशावरून घागर भरते आणि सत्तावीसही वाफ्यांना पाणी देते. पाट्यांशी बोलते. "नाथा, पी बाबा." मी खुर्ची टाकून देखरेख करतो. मंजुषा म्हणाली, तुम्ही एक बादली उचलली तर काय बिघडेल. बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

२५ डिसेंबर
नाताळ. उपासनेला अकरा माणसं, पाळकसाहेब धरून. त्यांना बाग दाखवली. सतरा वाफे जळालेत. त्यांनी विचारलं, हे काय? म्हणालो, पहिला टप्पा. ते बराच वेळ कडुनिंबाच्या बुंध्याकडे बघत उभे होते. इम्प्रेस झाले असावेत.

२१ जानेवारी
हापसा आटला. यंदा पाऊसच नव्हता, यात माझा दोष नाही. भिवराबाई आता ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणते. तिला म्हणालो, राहू द्या. ती म्हणाली, "नाथाच्या वाफ्याला फुलं आलीत, भाऊसाहेब. येवढं एक जगू द्या." आता ती तेवढाच वाफा भिजवते. मी एकदा सांगितलं होतं, हे इथं नोंदवून ठेवतो. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कोणाच्या श्रद्धेत आपण कशाला पडायचं.

११ फेब्रुवारी
भिवराबाई ओढ्याच्या उतारावर घागरीसकट पडली. खुबा मोडला. जीपमध्ये घालून बीडला नेलं. नाथाला फोन केला. मुकादम सोडत नाही म्हणाला.


१३ फेब्रुवारी
मंजुषा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आज स्वतः विहिरीवर गेलो. एक बादली. निम्मी वाटेत सांडली. उद्यापासून नियमित.

२० फेब्रुवारी
गेलो नाही. कंबर.

३१ मार्च, ईस्टर
पाळकसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यापासून इथली उपासना बंद. मंडळी बीडला जोडली. ऐकायला नऊजण होतो. मी ठिबक सिंचनाचा मुद्दा मांडणार होतो. मांडला नाही.
नाथा आला होता. आईला परळीला बहिणीकडे ठेवलंय. ती आता बसूनच असते. म्हणाला, "रोज इचारती, वांगी धरली का. काय सांगू?" मी काही बोलायच्या आत त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. भिवराबाईचा आवाज बारीक झालाय. म्हणाली, "सलाम, भाऊसाहेब. नाथाच्या झाडाला वांगी हायत का?" म्हणालो, आहेत. म्हणाली, "मग दोन त्याच्यासंगं धाडा."
नेकनूरचा आज बाजार. जाऊन अर्धा किलो वांगी घेतली, ताजी, देठाची. नाथा तिथंच स्टँडवर परळीच्या गाडीची वाट बघत होता. पिशवी दिली. म्हणालो, बागेतली. त्यानं एक वांगं काढलं, हातात फिरवलं, परत ठेवलं. म्हणाला, "मी सकाळीच वाफा बघून आलो, भाऊसाहेब." चिडला नव्हता. पिशवी माझ्याजवळ देऊन गाडीत चढला.
वांगी घरी आणली. मंजुषानं भाजी केली, मला वाढली. स्वतःच्या ताटात घेतली नाही.