वित्स्केचं अकॉर्डियन आणि कलम एकतीस

४ मार्च, लायडन
थोरल्या बहिणीचा, वित्स्केचा फोन. लिस्बनहून विमानाने आली, अजून सामानाच्या पट्ट्याजवळच उभी. अकॉर्डियनची पेटी चेपलेली, आतला भाता फाटलेला. काउंटरवरची बाई फॉर्म भरायला सांगतेय म्हणाली. मी म्हटलं, मुळीच भरू नकोस. घरात आंतरराष्ट्रीय विमान कायद्याचा विद्यार्थी असताना असले चिटोरे कशाला? तक्रार मी लिहितो. माँट्रियल करार, कलम एकतीस: मोडक्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत. वेळ भरपूर आहे.

५ मार्च
तक्रारीची प्रस्तावना सुरू केली, माँट्रियलच्या आधीच्या, १९२९च्या वॉर्सा करारापासून. पाया भक्कम हवा. दुपारी चीज-पाव, मग डोकं जड. झोपलो.

७ मार्च
वित्स्के विचारते, पाठवलीस का. सांगितलं, घाईत दावा हातचा जातो. शनिवारच्या लग्नात वाजवायचं काम गेलं म्हणे. शिकवण्याही बंद, दुसरं वाद्य नाही. दोन ओळी लिही रे, म्हणाली, पेटी मोडली, एवढंच. दोन ओळी! तिचा आवाज बारीक झाला होता. मला विशेष काही वाटलं नाही. अभ्यासाने माणूस तटस्थ होतो.

१० मार्च
आईचा वाढदिवस. खुर्च्या गोल मांडलेल्या, केकचा एकेकच तुकडा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, वाढदिवस आईचा असला तरी सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. माझं जरा जास्तच केलं, तक्रार मी लिहितोय म्हणून असणार. मी करारातल्या ‘वाहक’, म्हणजे विमान कंपनी, या शब्दाच्या व्याख्येवर बोललो. काका कॉफी आणायला उठले ते परत आलेच नाहीत. वित्स्के समोर बसून मांडीवर बोटं चालवत होती. बघवेना, म्हणून तळटिपांचा विचार करत बसलो.

११ मार्च, सकाळ
आज पाठवायचीच.

११ मार्च, संध्याकाळ
चौतीस पानं झाली. तळटिपा अपुऱ्या. अर्धवट काम पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय सातवा दिवस नेमका कुठून मोजायचा, यावर एक जर्मन लेख आहे. तो वाचून मग.

१२ मार्च
लेख वाचला. मुदत काल संपली.

१४ मार्च
वित्स्के आली. वेळ न ठरवता. आमच्यात असं कोणी येत नाही.
तिला नीट समजावलं: मुदतीत तक्रार नाही, तर दावाच उरत नाही. कलमासकट सांगितलं. इतकं स्वच्छ मला कुठल्याच परीक्षेत जमलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?
हो म्हणालो.
कोट तिने काढलाच नव्हता. खाली सायकलचं कुलूप उघडायला तिला बराच वेळ लागला. मी खिडकीतून बघत होतो. खाली गेलो नाही.